नानांच्या नावाने पैसे मागताना

ताई, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, वडिलांना नाना म्हणायचो. नाना यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघायचे. दोन वर्षांपूर्वी रात्री पाळी संपवून अक्कलकोट रोडने येताना त्यांना मागून गाडीने उडवलं. गाडीवाला थांबला नाही. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. डोक्याचं ऑपरेशन झालं, कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवला. त्यानंतर नाना चौदा महिने घरी होते. घरी आणलं तेव्हा गळ्यात नळी होती. हवेची गादी आणि कफ ओढून काढणारं सक्शन मशीन मिळायला आम्हाला अकरा दिवस लागले, तोवर पाठीला जखम झाली होती.

आता वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय. नानांच्या नावाने पैसे गोळा करून मेंदूला इजा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे असं माझ्या मनात आहे. तशी संस्था मला सोलापुरात सापडली नाही, दिल्लीची एक सापडली. मैत्रिणी म्हणतात हुतात्मा स्मृती मंदिरात ऑर्केस्ट्रा ठेव, तिकिटं खपवू. मी माझ्या खात्याचा क्यूआर कोड तयारही केलाय. अमेरिकेतला चुलत भाऊ मोठी रक्कम देतो म्हणतो. पण अण्णा, माझा मोठा भाऊ, म्हणतो की आधी वर्षश्राद्धाचं जेवण नीट होऊ दे. एक काकू तर बोलल्या, "बापाच्या नावावर भीक मागणार का?"

आणखी एक. नाना शेवटी शेवटी फार शिव्या द्यायचे. आईवर हात उचलायचे. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. लोकांना तेवढंच आठवतं. मी पैसे मागायला गेले तर लोक मनात तेच म्हणतील ना?

— एक लेक

प्रिय लेकी,

मूळ पत्र तीन पानांचं होतं, वर त्यातलं नेमकं तेवढं दिलंय. अडीच पानं तू पैशांबद्दल लिहिलीस आणि नानांनी आईवर हात उचलल्याचं अगदी शेवटी, चार ओळींत. मी तिथूनच सुरुवात करते. ते मोकळं झाल्याशिवाय पैशांचं बोलणं पुढे सरकणार नाही.

राग सगळ्यांनाच येतो. आलेला राग गिळायचं, तोंडावर आलेला शब्द मागे घ्यायचं, उचललेला हात खाली आणायचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. माणूस गाडीवरून जोरात आपटतो तेव्हा कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो. कवटीचा आतला तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, त्यामुळे मार कुठूनही बसला तरी बऱ्याचदा खरचटतो तो पुढचा भाग आणि कानशिलामागचा भाग. त्यातून मेंदूला सूज येते. हाडाच्या डब्यात सुजेला जागा नसते. म्हणून तर नानांच्या कवटीचा तुकडा काढला आणि तो जिवंत राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवला. जीव वाचला तो त्यामुळे. पण आवर घालणारा भाग जो जायचा तो गेलेला असतो. हातपाय हलायला लागतात, जेवण जायला लागतं, बघायला येणारे म्हणतात, "आता बरे दिसतात की." आणि घरातल्या बाईला तेव्हाच कळायला लागतं की परत आलेला माणूस वेगळा आहे.

तू तुझ्या पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेली आहेस. नानांना दुपारी अंगावर चादर घातली की ते तिच्या दशा हातात घेऊन गाठी मारत बसायचे. एकेक दोरा उचलायचा, बोटावर फिरवायचा, विणकराची गाठ घालायची, पुढचा दोरा. तुला ते कधी "अम्मा" म्हणायचे, कधी शेजारणीच्या नावाने हाक मारायचे, पण गाठ एकदाही चुकली नाही. त्याचंही कारण आहे. नावं, चेहरे, काल काय झालं हे लक्षात ठेवणारी जागा वेगळी आणि हातांनी वर्षानुवर्षं शिकलेलं सांभाळणारी जागा वेगळी. पहिली गेली, दुसरी राहिली. तीस-पस्तीस वर्षं मागाचा नुसता आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगणारा माणूस त्या बोटांत शेवटपर्यंत होता. तसाच, शिव्या देणारा माणूसही त्या अपघातातून आला होता, नानांच्या स्वभावातून आला नव्हता. आईला बसलेला मार मात्र खराच होता आणि ती तो चौदा महिने कुणाजवळ न बोलता सोसत होती. यातली एक गोष्ट खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही. दोन्ही तशाच राहू देत.

मी सतरा वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या बायका जिन्याच्या कोपऱ्यात गाठून हळू आवाजात एकच सांगायच्या, "हे आमचे ते नाहीत हो." पहिली काही वर्षं मी त्यांना धीर धरा म्हणायचे. घरी सोडताना औषधांच्या वेळा सांगायचे, टाके कधी काढायचे ते सांगायचे, आणि चिडचिड होईल, हात उठेल, आवाज सहन होणार नाही, त्यात तुमचा दोष नसेल, हे सांगायचं राहून जायचं. मला ते तेव्हा नीट माहीतच नव्हतं. एक बाई सहा महिन्यांनी परत आली ती हात मोडून. "आधी सांगितलं असतं तर मी स्वतःला पांढऱ्या पायाची म्हणून बोल लावला नसता," एवढंच म्हणाली. ती माझी चूक होती. तुझं पत्र वाचताना तीच बाई डोळ्यांसमोर होती.

म्हणून गल्ली काय म्हणेल या प्रश्नाला माझं उत्तर असं. गल्लीला जे माहीत आहे ते लपवून पैसे मागशील तर लोक मनात तेच म्हणतील. ते का झालं हे सांगून मागशील तर निदान काही घरांत पुढच्या वेळी एखाद्या बाईला बोल लागणार नाही. मात्र हे सांगायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुझा नाही. तो कुणाचा, ते शेवटी सांगते.

आता अण्णा. त्याच्यावर तू रागावली आहेस. पण आयसीयूचं बिल भरायला कर्ज कुणी काढलं हे तूच लिहिलंस. ज्याने कर्ज काढलं त्याला वर्षश्राद्धाला चार माणसं जेवू घालावीशी वाटतात, यात कंजूषपणा कुठे आला? बापाचं नीट करता आलं एवढं तरी त्याला स्वतःला दाखवायचंय. जेवण होऊ दे. जेवणाच्या दिवशी कुणाकडे हात पसरू नकोस, डबा ठेवू नकोस. फक्त पंगत उठल्यावर दोन मिनिटं उभी राहा आणि काय करणार आहेस ते सांग. निधी दुसऱ्या दिवसापासून.

त्याआधी एक कडू प्रश्न. ते कर्ज फिटलं का? आई आजही विड्या वळून बचत गटाचा हप्ता भरत असेल तर आधी तो फेडायचा. याला पर्याय नाही. नानांच्या नावाने लोकांकडून लाखभर जमवायचे आणि आईने हजार विड्यांमागे हप्ता जुळवायचा, हे मला पटत नाही आणि नानांनाही पटलं नसतं. गाडीवाला सापडला नाही असं तू म्हणतेस. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात केंद्र सरकारची २०२२ पासून भरपाईची योजना आहे: मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये, गंभीर जखमीला ५०,००० रुपये. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयातून पुढे जातो. मृत्यू चौदा महिन्यांनी झाल्यामुळे तो त्याच इजेने झाला हे कागदावर दाखवावं लागेल, म्हणून ऑपरेशनचे कागद, सीटी स्कॅनचे रिपोर्ट, पोलिसांकडच्या नोंदीची प्रत, सगळं एका फायलीत लाव. उशीर झालाय का, काय करता येईल, हे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचार. स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आईला सोबत ने. अर्ज केला म्हणजे नानांच्या जिवाची किंमत लावली असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. ते तिच्या हक्काचे पैसे आहेत.

आता द्यायचं कुणाला. तू लिहिलेली दिल्लीची संस्था, इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन, मला माहीत आहे. जोधपूरचे महाराजा गजसिंह यांचे चिरंजीव शिवराजसिंह २००५ मध्ये पोलो खेळताना घोड्यावरून पडले, डोक्याला जबर मार लागला, आणि त्या अनुभवातून गजसिंहांनी २००७ मध्ये ही संस्था उभी केली. डोक्याच्या इजेनंतर माणसाला पुन्हा उभं करायला किती लागतं हे राजवाड्यालाही घरात दुखणं आल्यावरच कळलं. तिकडे द्यावंसं वाटलं तर जरूर दे.

पण मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "अकरा दिवस" या शब्दांवर थांबले. गळ्यात नळी असलेला माणूस बऱ्याचदा कफ स्वतः काढू शकत नाही. मशीन नसेल तर घरच्यांनी काय करायचं? आणि जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं, दिवसा आणि रात्रीही. हवेच्या गादीत कप्पे असतात, छोटी मोटर ते आळीपाळीने भरते आणि सोडते, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. गादी आली म्हणून वळवणं थांबवायचं नसतं, पण ती नसली की माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, आणि एकदा जखम झाली की भरायला महिने जातात. तुमच्या घरी तेच झालं. तुझा निधी त्या अकरा दिवसांसाठी असावा असं मला वाटतं. सोलापुरातल्या पुढच्या घरी हे सामान पेशंट यायच्या आदल्या दिवशी पोचलेलं असावं.

यासाठी नवी संस्था काढू नकोस. नोंदणी, हिशेबनीस, दरवर्षीचं ऑडिट यात तू दोन वर्षांत थकशील. रुग्णोपयोगी साहित्य केंद्र तुला माहीत असेलच: अनामत रक्कम घेऊन खाट, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देतात, काम झालं की परत. कुठे ट्रस्ट चालवतं, कुठे मंदिर, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ. सोलापुरातली अशी दोन-तीन केंद्रं स्वतः जाऊन बघ. आधी फोन करू नकोस, सकाळी सरळ जा. गाद्या कुठे ठेवल्यात बघ. परत आलेली वस्तू कोण धुतं आणि कशाने, विचार. सक्शन मशीन चालू करून दाखवा म्हण. रात्री आठ वाजता कुणी आलं तर कुलूप कोण उघडतं, हेही विचार, कारण घरी सोडायचा निर्णय दुपारी होतो आणि घरचे सामान शोधायला लागतात संध्याकाळी. जिथे या प्रश्नांची उत्तरं न चिडता मिळतील तिथे थांब. त्यांना लेखी पत्र दे: ही देणगी डोक्याला मार लागलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या सामानासाठीच, नानांच्या स्मरणार्थ. त्यांची लेखी पोच घे.

यादी मोठी करू नकोस. चार हवेच्या गाद्या, दोन सक्शन मशीन, आणि वीज गेली तर म्हणून पायाने चालवायचं एक मशीन. तुमच्या भागात वीज कधी जाते हे मी तुला सांगायला नको. सक्शनच्या नळ्या मात्र एकाची दुसऱ्याला वापरायच्या नसतात, त्यांचा खर्च दर महिन्याला धरावा लागेल. पैसे उरले तर एखाद्या फिजिओथेरपिस्टला ठरवून दे की सामान जाईल त्या घरी एकदा जाऊन माणसाला कसं वळवायचं, कसं बसवायचं, हे घरच्यांना करून दाखवावं. नुसतं यंत्र देऊन भागत नाही. आमच्याकडे एका घरात गादी उलटी घातली होती, मोटर खाटेखाली बंद पडून होती, आणि घरच्यांना वाटत होतं आपण सगळं नीट करतोय.

काही द्यायचं सिव्हिलला ठरवलंस तर वॉर्डात नेऊन ठेवू नकोस. अधिष्ठात्यांच्या नावे पत्र, आवक क्रमांक, आणि वस्तूची नोंद झाल्याची पोच. आपल्या गावचं मेडिकल कॉलेजच मुळी डॉ. वैशंपायन यांच्या स्मृतीचं आहे. कुणाच्या तरी नावाने दुसऱ्याचं दुखणं हलकं करायची रीत या गावाला नवी नाही, हे काकूंना सांगायला हरकत नाही.

क्यूआर कोड आजच काढून टाक. तुझ्या नावाच्या खात्यात लोकांचे पैसे अजिबात नकोत. तू प्रामाणिक आहेस यात मला शंका नाही, पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम खात्यात आली तर ती तुझं करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. आणि तू दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी, उद्या एखादी काकू म्हणालीच की "किती आले, किती दिले कोण जाणे," तर तुझ्याकडे दाखवायला काय? पैसे थेट त्या ट्रस्टच्या खात्यात जाऊ देत, त्यांच्याच कोडवर, त्यांच्याच पावतीवर. ८०जीची नोंदणी असेल तर जुन्या करप्रणालीत कर भरणाऱ्या देणगीदारांना सवलतही मिळते, मात्र २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने दिली तर नाही. ते कारखानदारांना आधीच सांग, नंतर वाद नको.

गल्लीत, कारखान्यांत फिरून रोख जमवायची असेल तर पावतीपुस्तक ट्रस्टचंच हवं आणि तुला त्यांचं अधिकारपत्र हवं. ट्रस्टशिवाय, "मित्रपरिवार" वगैरे नावाने वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीच्या आधी मंडळं काढतात ना ४१ क ची, तीच.

अमेरिकेतल्या भावाला एकच विचार: पासपोर्ट कुठला? अजून भारतीय असेल तर तो आपल्या इथल्या खात्यातून सरळ देऊ शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर कायद्याने ती परदेशी देणगी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असो वा नसो. ती फक्त एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. साहित्य केंद्र चालवणाऱ्या छोट्या ट्रस्टकडे ती नोंदणी बहुधा नसते. "मग मी तुझ्या खात्यात पाठवतो, तू भर" असं तो प्रेमाने म्हणेल. नको म्हण. त्याची इच्छाच असेल तर ज्या संस्थेकडे नोंदणी आहे तिला त्याने परस्पर द्यावं. दिल्लीच्या संस्थेला विचारायलाही हरकत नाही.

ऑर्केस्ट्रा मला नको वाटतो. हॉलचं भाडं, साउंड, बॅनर, पाहुण्यांचे सत्कार, चहा यात तिकिटांचे पैसे जातात आणि मैत्रिणी दमतात. त्यापेक्षा जिथे नाना उभे असायचे तिथे जा. पाळी बदलताना कारखान्याच्या दारात वीस-पंचवीस माणसं असतात. मालकाला विचारून पंधरा मिनिटं माग. नानांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज जॉबर असतील, त्यांना शेजारी उभं कर. त्या पंधरा मिनिटांत पैशांचं बोलणं दोन मिनिटं, बाकी वेळ हे सांग: हेल्मेट आयएसआयचं हवं आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा, नाहीतर पडताना ते आधी उडतं. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं तर १०८ लावा, मान पिरगाळू नका, बसवून पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याच्या मागे पोलीस लागतील ही भीती काढून टाका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ ए आलंय, मदत करणाऱ्यावर दावा किंवा गुन्हा दाखल होत नाही आणि नाव सांगायचीही सक्ती नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचाराची सोय आहे, हेही सांग. आणि डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर असला, बोलत असला, तरी उलट्या व्हायला लागल्या, गुंगी यायला लागली, की "झोपू दे त्याला" म्हणून घरी ठेवायचं नाही. आत रक्त साचत असू शकतं. हे नानांच्या तोंडून आल्यासारखं लोक ऐकतील, कारण सांगणारी त्यांची मुलगी असेल.

आईच्या बरोबरीच्या विडीवाल्या बायकांकडेही जा. त्या दहा रुपये देतील, वीस देतील. त्यांना पावती फाडून दे, नाव नीट विचारून लिही. दहा रुपयाला पावती कशाला असं त्याच म्हणतील. तरी फाड. मोठ्या देणगीदाराला आपलं नाव फलकावर दिसतं, या बायकांना निदान कागदावर दिसू दे.

एक फोटो मात्र कुठेही फिरवू नकोस. आयसीयूतला, नळ्या लावलेला, डोक्याला पट्टी असलेला. तो पाहून पैसे पटकन येतील हे मला माहीत आहे. पण तो एकदा मोबाईलवर गेला की आयुष्यभर आईच्या आणि अण्णाच्या पुढ्यात येत राहील. नानांचा मागापाशी उभा असलेला, खांद्यावर रुमाल असलेला फोटो आहे असं तू लिहिलंस. तो लाव.

निवेदन लांब नको. मी असं लिहिलं असतं:

"आमचे नाना मागावर जॉबर होते. अपघातात डोक्याला मार लागल्यावर ते चौदा महिने घरी होते. त्या काळात त्यांचं बोलणं, चिडणं, हात उचलणं ज्यांनी पाहिलं त्यांना आम्हाला सांगायचंय की ते मेंदूच्या इजेमुळे होतं. घरी हवेची गादी आणि सक्शन मशीन मिळायला आम्हाला अकरा दिवस लागले आणि तोवर पाठीला जखम झाली. सोलापुरात दुसऱ्या कुणाच्या घरी तसं होऊ नये म्हणून हे सामान आम्ही साहित्य केंद्रात ठेवतोय. तुम्हाला जमेल ते द्या. सहा महिन्यांनी पूर्ण हिशेब इथेच कळवू."

सहा महिन्यांनी हिशेब खरंच कळव. किती आले, कशाला गेले, आणि गादी किती घरांत जाऊन आली. घरांची नावं नकोत, आकडा पुरे.

हे निवेदन मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये कर, आपल्या गावाला तिन्ही लागतात. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठव.

पण त्याआधी ते आईला वाचून दाखव. तीन पानांच्या पत्रात अण्णा आहे, काकू आहेत, अमेरिकेतला भाऊ आहे, मैत्रिणी आहेत, आणि आईला काय वाटतं याची एकही ओळ नाही. "हात उचलणं" हे दोन शब्द तिचे आहेत. ती म्हणाली खोड, तर तिथल्या तिथे खोडायचे, कारण विचारायचं नाही. ती म्हणाली राहू दे, तर राहू दे. तेलुगूतच वाच, आणि ती विड्या बाजूला ठेवून बसली असेल तेव्हा वाच.

तुझी,
ताई